खड्डा चुकवण्याच्या नादात

रात्री साडेअकराला सीपीआरच्या चौकीतून फोन येतो.
इरफान बातमी सांगत नाही, हिशोब सांगतो:
एक गेला, दोन आहेत, एकाला मिरजेला हलवलंय.
मी विचारतो गाव, वय, आडनाव, गाडीचा नंबर
आणि हात आपोआप लिहीत सुटतो
तीच वाक्यं, जी माझ्या आधीच्यानं
त्याच्या आधीच्याकडून उचलली होती.
भरधाव. जागीच ठार. परिसरात हळहळ.

बत्तीस वर्षांत मी एकदाही
माणसानं माणसाला मारल्याचं लिहिलेलं नाही, रस्त्यावर.
तिथं काळ घाला घालतो.
ताबा सुटतो; कुणी सोडत नाही.
दुचाकी घसरते आपली आपण.
कंटेनर तर इतका अज्ञात
की अठरा चाकांसकट तो कुणालाच दिसलेला नसतो.

परवा लिहून गेलो:
'खड्डा चुकवण्याच्या नादात'.
प्रूफ वाचताना थांबलो. नादात?
नाद कबुतरांचा असतो, तालमीचा असतो,
पेठेतल्या पोरांना फुटबॉलचा असतो.
उचगावच्या पुलाखाली रात्रपाळी संपवून येणाऱ्याला
खड्डे चुकवायचा नाद असतो काय?
शब्द बदलायला माऊस नेला, तेवढ्यात
पान लावणारा सुहास म्हणाला, दोन ओळी जास्त होताहेत,
खाली गाडीची जाहिरात आहे, पाऊण पान,
शून्य डाऊन पेमेंट.
मी मृताचं वय काढलं. मग त्याच्या मुली काढल्या.
नाद राहिला.

आणि गेल्या महिन्यात ती बाई.
पद्मावती मगदूम, राहणार हुपरी.
प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं कात्रण,
तीन वर्षांपूर्वीचं, माझ्याच हातचं:
'मागे बसलेले धनपाल मगदूम किरकोळ जखमी.'
वकिलानं सांगितलंय, पेपरातलं घेऊन या.
तिनं बोट ठेवलं शब्दावर, अक्षराला लागू नये असं.
"सायेब, ह्ये किरकोळ म्हंजे किती वो?"

फौंड्रीत साचे भरणारा माणूस तो.
आता भाकरीचा तुकडा मोडताना
डावा हात उजव्याला वाट दाखवतो.
रात्री गाडीचा आवाज आला की उठून बसतो,
विचारतो, पुढचा कुठाय?
पुढचा त्याचा मेहुणा होता.
तो माझ्या पहिल्या ओळीत होता, ठळक टाइपात.
मी तिला चहा दिला.
किरकोळ म्हणजे, म्हणालो, त्या रात्री अकरा वाजेपर्यंत
जेवढं कळलं होतं तेवढं.
तिनं मान हलवली. समजल्यासारखी नाही,
दुसरीकडं विचारू, अशी.

काल शहर आवृत्ती सुटली तेव्हा पावणेदोन वाजले होते.
शाई ओली असलेले चार अंक काखेत मारले, स्कूटर काढली.
फुलेवाडी सोडली की दिवे संपतात.
बालिंग्याच्या अलीकडं कानाशी काहीतरी सळसळलं,
पाचटाचा वास आला आणि मी ब्रेक दाबला.
उसाच्या दोन ट्रॉल्या, निम्म्या रस्त्यात.
चाकाला दगड. मागं दिवा नाही, लाल कापडाची चिंधीसुद्धा नाही.
माझ्या पुढच्या चाकापासून उसाचे शेंडे हातभर.
म्हणजे उद्याची बातमी मला पाठ होती:
'उभ्या ट्रॉलीला जोराची धडक.'
उभी कुणी केली, हे आम्ही विचारत नाही.

बराच वेळ पाय थरथरत होते.
मग अंक उलगडले.
वाढ्याला वाढं बांधून त्यात पानं खोचली, पांढरी, फडफडणारी,
स्कूटरच्या उजेडात लांब जाऊन बघितली: दिसतात.
जाहिरातीचं पान जास्त दिसतं, गाडी पांढरी आहे.

ट्रॅक्टरच्या सीटवर घोंगडं हाललं.
"कोण हाय रं?"
"पेपरवाला."
जरा वेळ गप्प. मग झोपेतच,
"आजचा हाय व्हय?"

"उद्याचा," म्हणालो.