अक्षरामागे बावीस रुपये

छिद्दीलाल मिस्त्री अक्षरं मोजतो बोटांच्या पेरांवर.
काना-मात्रा फुकट, जोडाक्षर दीडपट.
मी दौलतगंजातल्या मराठी वाचनालयाचा चिटणीस,
माझ्या हातात मजकूर:
श्रीमती द्वारका नरहर मोघे यांनी या संस्थेस
सहा पंखे व थंड पाण्याचे यंत्र दिले,
त्याबद्दल कृतज्ञतापूर्वक.
"कृतज्ञतापूर्वक महँगा पड़ेगा, बाबूजी,"
तो म्हणाला, आणि बिडी पेटवली.

बैठकीत खांडेपारकर सर बोलले,
इतिहास शिकवून निवृत्त, एका कानात यंत्र:
ग्रीकांच्या गावांत पुतळ्याखाली
पहिली ओळ गावाची असे, 'सभेने आणि लोकांनी'.
मग माणूस, मग त्याच्या बापाचं नाव,
मग काय केलं ते:
टंचाईत स्वस्त धान्य, आखाड्याला वर्षभराचं तेल.
आणि शेवटी, कुठे कुठे,
'मान स्वीकारला, खर्च स्वतः सोसला.'
म्हणजे ठराव गावाचा
आणि पैसे ज्याचा पुतळा त्याचे.
आम्ही हसलो.
खजिनदार हसले नाहीत. त्यांनी ते टिपून घेतलं.

द्वारकाबाईंकडे मलाच पाठवलं.
शिवणयंत्रावर कुणाचा तरी परकर अर्धा.
मला वाटलं म्हणतील, नाव कशाला?
त्या म्हणाल्या, नाव मोठं काढा,
मला चष्म्याशिवाय वाचता यायला हवं.
एकेचाळीस वर्षं हजेरीपटावर पोरींची नावं लिहिली,
आता कुणीतरी माझं लिहा.
आणि अक्षरांचे पैसे मी देते.
ती कृतज्ञता पण राहू द्या.
तिचेही देते.

दगड मात्र जुनाच, जिन्याखाली पडलेला.
उलटा केला तर पाठीवर
नाव खरवडलेलं, आणि खाली शाबूत:
'यांनी दोन कपाटे दिली'.
सर म्हणाले, तिकडेही चाले हे,
पुतळा तोच, नाव नवं.
कपाटं वर आहेत अजून.
एकाचं दार सुतळीने बांधलेलं.
नाव कुणालाच आठवेना;
भिंतीकडे तोंड करून तो चुन्यात बसला.

पडदा सरकला.
द्वारका नरहर मोधे.

ध चा मा ऐकून होतो आम्ही,
घ चा ध आमच्याकडे झाला.
सहाही पंखे फिरत होते, बाकी आवाज नाही.
अध्यक्षांनी हार तसाच हातात धरलेला.
छिद्दीलाल पुढे झाला, अंगठ्याने अक्षर चाचपलं:
"अभी हो जाएगा."
तुटलेली शिरोरेषा त्याने डावीकडे ओढली,
टक टक, टक टक,
पांढरी भुकटी थंड पाण्याच्या पेल्यांत पडत राहिली.
द्वारकाबाई स्टूल ओढून जवळ बसल्या,
पोरीने घातलेली टीप तपासावी
तशा बघत.

रेघेचे पैसे त्याने लावले नाहीत.
ध ची गाठ मात्र बुजली नाही,
घ च्या डोक्याशी आहे ती अजून.
संध्याकाळी कुलूप लावताना
माझं बोट तिथे जातं.