तिसरी फळी

उजवा हात दुसऱ्या फळीपर्यंत जायचा.
तिसरीला कुलूप.

धंतोलीत फोटो काढला, सूज दाखवली,
तीन महिन्यांच्या गोळ्या झाल्या.
मग निपाने वहिनींनी मला ताब्यात घेतलं.

सक्करदऱ्याच्या बागेत एक जण लाकडी लाटणी विकतो.
चप्पल काढायला लावून
त्यानं तळव्यात अंगठा रोवला. "इथं दुखते का जी?"
कळ थेट मस्तकात.
"हा तुमचा खांदा."
म्हणजे इतकी वर्षं
मी माझ्याच खांद्यावर उभी होते.

महालातल्या चुंबकाच्या पट्ट्याला
घरभरच्या टाचण्या चिकटल्या, बस.

मे महिन्यात, पारा शेहेचाळीसवर,
एका बाईनं पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवली.
कूलरसमोर लागत नाही अशी झोप लागली.
हात तसाच.

होमिओपॅथीची दमयंती धकाते वहीत लिहीत होती:
ऊन सोसतं की थंडी?
नागपूरचीच आहे, म्हटलं.
तहान? स्वप्नं? आंबट आवडतं?
रडताना कोणी जवळ असलेलं चालतं?

पंख्याची घरघर.
सोबत आलेले हे
थैलीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.
"कोणी असलंच नाही कधी," मी म्हटलं,
"चालतं की नाही, कसं सांगू?"

साबुदाण्याएवढ्या गोळ्या. कॉफी बंद, हिंग बंद.

गुण कशाचा, मला विचारू नका.
हात अजून दुसऱ्या फळीशीच अडतो.
परवा कोहळ्याच्या सांडग्यांसाठी स्टूल ओढलं
तर हे मागे उभे.
न बोलता वरचा डबा काढून दिला.
लोणच्याचा.
मी तोच घेतला.