डावं पातं

आधीची फोनवरून मागवली होती.
घडीची, काळी, खिशात मावणारी,
खोक्यावर बर्फाचा डोंगर छापलेला.
आणि मी किनवटच्या सागात,
जिथं बर्फ फक्त बसस्टँडवरच्या गोळेवाल्याकडं.

फाशात रोहीचं पिल्लू होतं.
नायलॉनची दोरी, गुडघ्यात रुतलेली.
दोनदा पातं चाललं. तिसऱ्यांदा
खीळ सैलावली, मागं वळलं
आणि माझ्याच बोटावर मिटलं
वहीसारखं.
पिल्लू सुटलं ते कुमरेमामांच्या कुऱ्हाडीनं.
मला पाच टाके.
"बिजागरी दाराला असावी," मामा म्हणाले,
"हत्याराला कामून?"

म्हणून इस्लापूरचा बाजार.
मिरच्यांच्या ओळीमागं, चिंचेखाली
नवसाबाई सोळंकेचं पाल.
नवरा सांडशी धरून बसलेला, घण तिच्या हातात,
नातू भात्याचं चाक फिरवतोय
आणि दुसऱ्या हातानं कुरमुरे खातोय.

म्हटलं, सुरी पाहिजे. न मिटणारी.
"कापायचंय काय?"
मी यादी सांगितली. फासे, वेली, ओला बांबू,
जाळ लागला तर ओल्या फांद्या,
आणि कधी भाकरीबरोबर कांदा.
"कांद्याला बुक्की बास हाय."

करवतीच्या पात्याची एक दाखवली, काचेवानी.
"हिला धार लई, जीव न्हाई."
गजाची तिनं स्वतःच बाजूला फेकली.
मग पोत्याखालून एक काढली,
ट्रकच्या कमानपाट्यातून ठोकलेली, अजून काळीच,
दगडावर वाजवली
आणि बोलायचं थांबून ऐकत राहिली.
"आदिलाबादच्या रस्त्याला लाकडं वाहून मोडलेला पाटा हाय.
ज्यानं वजन सोसलं, त्यो धार सोसतो."
कुणाची लाकडं, मी विचारलं नाही.
बाजाराच्या दिवशी वनरक्षकानं
सगळंच विचारू नये.

पातं मुठीतून आरपार गेलेलं.
"लोकं आर्धी शेपूट मुठीत कोंबतेत, वरून राळ.
पावसाळ्यात मूठ हातात ऱ्हाती, पातं रानात."
मूठ धावड्याची, तांब्याच्या तीन खिळा.

"हात दाव."
मी उजवा पुढं केला.
तिनं टाक्यांचा व्रण अंगठ्यानं दाबून पाहिला.
"ह्या हाताला लागलं,
म्हंजी सुरी त्या हातात व्हती.
डावरी हायस."

पाचवीत सोनटक्के बाईंची पट्टी.
प्रसाद उजव्यात, हळदीकुंकू उजव्यानं,
सही उजव्या हातानं गिरवून गिरवून बसवलेली,
सॅल्यूट तर उजवाच.
भरतीच्या फॉर्मवर उंची होती, छाती होती,
हा रकाना नव्हता.

तिनं काही विचारलं नाही पुढं.
पातं उलटं धरलं आणि
एकाच अंगानं, दुसऱ्याच अंगानं, कानस लावली.
मग लाल करून तेलात सोडलं.
जळक्या करडीचा वास थेट मिरच्यांपर्यंत गेला.
"पाणी बसलं," ती म्हणाली.
तेलातून काढून म्हणाली.

साडेचारशे. माझ्याकडं पन्नास कमी.
"धार उधार भेटत न्हाई, बाई."
मामांनी पन्नास दिले, कुरकुरत,
आणि त्याच बळावर सुरी आधी
स्वतःच्या हातात घेतली, काकडी चिरायला.
पातं सरळ जाईना. तिरपं पळालं,
काकडीची एक चकती जाड, एक कागदासारखी.
"खोटं हाय गं हे. बदलून घे."

मी घेतली त्यांच्या हातातून.

घरी येईपर्यंत काकडीच्या रसानं
पात्यावर निळसर डाग धरला होता.
घासून गेला नाही. तेल लावलं.
म्यान शिवायला टाकलंय स्टँडजवळच्या चांभाराकडं.
त्यानं दोनदा विचारलं,
पट्ट्याच्या डाव्या बाजूला? नक्की ना?