सेवा मिळाली नाही

ऐरोलीला, सातव्या मजल्यावर
माझं टेबल आहे, तक्रारींचं.
'नीलपंख' बंद पडली त्या रात्रीपासून
फोन ठेवला की वाजतो.

मी विचारते, तिकिटाचा क्रमांक सांगा.
मी विचारते, कार्डाचे शेवटचे चार आकडे.
कुठं निघाला होता हे मी विचारत नाही.
ते सांगतातच.

मुंब्र्याच्या मेहरुन्निसा काझी, उमराहला,
सोबत धाकटी बहीण, दोघींचे नवे कपडे शिवून तयार.
कळव्याचे कुडतरकर पहिल्यांदाच लेकीकडं, कोचीला,
पिशवीत चार किलो कोकम.
"ते तरी पोस्टानं जाईल ना हो?"
आणि एक जण परत परत म्हणाला,
खिडकीची जागा होती. तिचे वेगळे दोनशे भरलेत.
तेही धरा.

धरते.
कारणाच्या रकान्यात सहा पर्याय.
वस्तू सदोष. रक्कम दोनदा कापली. व्यवहार ओळखीचा नाही.
मी चौथा निवडते: सेवा मिळाली नाही.
दिवसाला दीडशेदा निवडते.
घरी भाजीवाल्याचा हिशेब करतानाही
बोट चौथ्या ओळीवर जाऊन थांबतं.

लोकांना वाटतं पैसे मीच देते.
मी फक्त एका बँकेतर्फे दुसऱ्या बँकेला विचारते,
आणि ठरल्या दिवसांत तिकडून कुणी बोललंच नाही
तर गप्प बसणं म्हणजे होकार.
आईचं लग्न असंच ठरलं होतं.

नुकसानभरपाईचं काय, विचारतात.
हॉटेल, टॅक्सी, बुडालेली रजा, मनस्ताप.
मनस्तापाला रकाना नाही, काकू.
बिल असेल तर जोडा.

दिघ्याच्या ठोंबऱ्यांकडं बिलही नाही, कार्डही नाही.
एजंटला नोटा मोजून दिल्या,
पावती वहीच्या फाडलेल्या पानावर.
त्यांना मी दुसरा फॉर्म सांगते,
दिवाळखोरीच्या रांगेतला.
पुढं बँका, तेल कंपन्या, विमानं भाड्यानं देणारे,
आणि शेपूट कुठवर गेलंय
ते सातव्या मजल्यावरूनही दिसत नाही.
त्या रांगेत, ठोंबऱ्यांच्या जरासा पुढं
माझा भाऊ उभा आहे.
हे मी ठोंबऱ्यांना सांगितलं नाही.

प्रफुल्ल. अकरा वर्षं विमानतळावर,
कानांवर जाड टोप्या, हातांत दोन पेटते दांडे.
एवढं मोठं धूड त्याच्या मनगटाच्या इशाऱ्यावर
गाईसारखं चालत यायचं
आणि पिवळ्या रेषेवर चाक टेकवून थांबायचं.
शेवटचे पाच पगार आले नाहीत.
सगळे नियम मी शिफ्ट संपल्यावर वाचून काढले,
तळटिपांसकट.
करून टाकलेल्या कामाला चार्जबॅक नसतो.
सेवा दिली, मिळालं काही नाही,
असा सातवा पर्याय कुणाला सुचलेला नाही.

काल कुडतरकरांचे पैसे जमा झाले.
त्यांनी फोन केला, नुसते आभार मानायला.
असं कुणी करत नाही. मी गडबडले,
सवयीनं कार्डाचे चार आकडे विचारले.
त्यांनी सांगितलेही.
मग म्हणाले, कोकम टिकतं, तेवढं एक बरं.
तुमच्यातलं कुणी जाणारं आहे का कोचीला?

घणसोलीला पोचले तेव्हा सव्वाअकरा.
आमच्या अरुंद फाटकातून
दुसऱ्या मजल्यावरच्या चिटणिसांची नवी गाडी
उलटी आत येत होती
आणि मागं प्रफुल्ल, बनियनवर,
दोन्ही हात वर.
या. या. डावीकडं. हां. अजून.
चिटणीस आरशात फक्त त्याचे हात बघत होते.
खांब वीतभर राहिला
तेव्हा त्यानं डोक्यावर मनगटांची फुली केली.
गाडी थांबली.
तो तसाच उभा राहिला
इंजिन बंद होईपर्यंत.