पुतूबाबाच्या पंपाचा दिवा

पुतूबाबाला आता पंप ऐकू येत नाही.
तीनदा टाकी वाहून गेली, एकदा मोटर
कोरडीच फिरून करपली.
शेवटी सून म्हणाली, शकूला बोलवा,
ती आयटीआय झालेली.

म्हणून मी आडपईत, त्याच्या पडवीत.
घराचा मेन फ्यूज काढून माझ्या खिशात,
म्हणजे मिक्सरसाठी कुणी हळूच स्विच दाबणार नाही.
मांडीवर पेपरची घडी, घडीवर
दिवा, उडदाएवढा,
डायोड, एका टोकाला रुपेरी पट्टी,
दोन रेझिस्टर, रंगीत कडी घातलेले,
आणि पिवळा चौकोनी कपॅसिटर.
फोंड्याचा दुकानदार म्हणाला होता, साधा घे, स्वस्त पडेल.
मी एक्स-टूच मागितला.
साधा मरताना शॉर्ट होऊन मरतो.

"एवढ्याशा दिव्याला एवढं कशाला गो?
दोन वायरी लाव आणि चहा घे."

मी ओरडते: दिव्याची तहान दोन व्होल्टांची,
भिंतीतून येतात दोनशे तीस!
तो कानामागे हात धरतो.
मग मी पेपरच्या समासावर नदी काढते.

नदी त्याला कळते.
चाळीस वर्षं त्यानं खाजनाची मानस राखली.
भरतीला दार मिटायचं, ओहोटीला उघडायचं,
शेतात खाऱ्याचा थेंब नाही.
वीजपण भरती-ओहोटी, बाबा,
सेकंदाला पन्नास वेळा.
"मग मानशेकार झोपतो कधी?"

दिवा एकाच बाजूचं पाणी घेतो,
उलटं आलं तर फुटतो.
म्हणून शेजारी हा डायोड, विरुद्ध तोंडानं,
परतीच्या पाण्याची वाट.
कपॅसिटर बाकीचं अडवतो, पण जाळत नाही,
भरून घेतो, परत देतो.
लहान रेझिस्टर पहिल्या लोंढ्यासाठी.

मोठा रेझिस्टर कपॅसिटरच्या पायांवर आडवा.
त्याच्याबद्दल मी ओरडत नाही.
पहिल्या वर्षी मी तो गाळला होता.
प्लग काढला, पिना तळहाताला लागल्या,
आणि बंद केलेली वस्तू चावली.
वीज जाते, कपॅसिटर धरून बसतो.
कुणी हळूहळू सोडवून घेतलं नाही
तर पुढच्या हाताची वाट बघतो.

डबी प्लॅस्टिकची, आत छोटा फ्यूज, झाकणाला चार स्क्रू.
स्वयंपाकघराच्या चौकटीशी,
त्याच्या खुर्चीवरून दिसेल अशी.
खिशातला फ्यूज परत जागेवर.
सून स्विच दाबते.

लाल.

"म्हणजे पाणी आलं?"
नाही, बाबा. मोटरपर्यंत वीज पोचली.
पाण्याचं त्याला काही ठाऊक नाही.

ऐकलं की नाही, कोण जाणे.
उठतो, चपला न घालताच टाकीपाशी जातो
आणि पाइपवर तळहात ठेवून
उभा राहतो.