ताडपत्री

पहाटे पावणेपाच. कोलशेतला, बंद कारखान्याच्या मागे,
मी आणि देवजी वरठा ताडपत्री अंथरतो
विलायती शिरीषाखाली.
निळी नको, तो म्हणतो, निळीला ती बुजतात.
म्हणून ही मळकी पांढरी, कुठल्याशा मांडवातली,
एका कड्यात अजून लायटिंगची तार अडकलेली.

ती परततात. आधी वास:
पिकलं उंबर, ओलं चामडं, थोडं मूत.
मग ओला सदरा झटकून वाळत घालावा
तसं एकेक वटवाघूळ लटकतं,
आणि वीतभर फांदीवरून भांडण,
पार्किंगवरून होतं तसंच, तेवढ्याच आवाजात.

ताडपत्रीवर टप. टप.
बकुळीच्या बिया, जांभळाचा चोथा,
आणि ते, ज्यासाठी आम्ही येतो.
मी काडी फिरवते, कुपीत मोडते, झाकण लावते.
ही काडी ओळखीची आहे.
साथीत, तपासणीच्या तंबूत,
रोज तीनशे नाकांत घातली होती.
एक नाक भावाचं होतं.
तेव्हाही मी नंबरच लिहिला.

परवा जाळ्यात एक मादी आली.
देवजीनं तिला पिशवीत घेतलं
गरम तवा उचलावा तसं, हात लांब ठेवून.
तोंड कोल्ह्याचं, पोटाला चिकटलेलं पिलू,
आणि माझ्या हातमोज्याखाली तिचं काळीज
इतकं जोरात की मोजता येईना.
(आमच्या नौपाड्यातल्या मामांनी
दम्यावर उपाय म्हणून यांचं मटण खाल्लं होतं,
एका रविवारी, दारं लावून.
दमा गेला नाही. लोकांना वाटतं
असलं सगळं देवजीच्याच पाड्यावर होत असेल.)

सातला समोरच्या टॉवरचे सेक्रेटरी किणीकर येतात,
कंपाउंडपलीकडून विचारतात:
मिळाला का हो कोरोना?
हरवलेली किल्ली मिळाली का, तशा सुरात.
मी सांगते, तो एक नाही, मोठं घराणं आहे.
आपली साधी सर्दी करणारेही त्यातलेच काही.
यांच्याकडचे बहुतेक आपलं दार ओळखत नाहीत.
आजतरी.

तो शब्द मी गिळायला हवा होता.
पुढच्या सोमवारी महापालिकेला गेलेल्या अर्जात
तो अवतरणात होता, खाली जाड रेघ,
एकशे चाळीस सह्या.

परवानगीची कुणी वाट पाहिली नाही.
शनिवारी संध्याकाळी सुतळी बॉम्ब, दीड तास.
अंधार पडायच्या आत सगळं झाड उडालं,
आणि खाली चार पिलं,
एकाच्या तोंडात अजून आईचे केस.
कळप कुठे गेला? फार लांब नाही.
टॉवरच्याच पोडियमवर, बदामाच्या रांगेत,
मुलांच्या घसरगुंडीच्या वर.

मंगळवारी ताडपत्री तिथे अंथरली.
चार आठवड्यांत नव्वद कुप्या तपासल्या होत्या,
दोन पॉझिटिव्ह.
या खेपेला वीसमध्ये पाच.
भेदरलेल्या, उपाशी अंगातून ते जास्त बाहेर पडतं
असं काही जण म्हणतात. वीस हा आकडा लहान आहे.
अहवालात मी एवढंच लिहीन.
किणीकरांना म्हणाले, घसरगुंडी धुऊन घ्या,
मास्क लावून, आणि मुलांना खाली पडलेले बदाम
खाऊ देऊ नका.
ते काही बोलले नाहीत. त्यांची नात
सुट्टीला आलेली आहे.

देवजी ताडपत्री घडी करत होता, आतली बाजू आत.
यांना त्रास होतो का त्याचा?
बहुतेक नाही, मी म्हटलं. ताप नाही, खोकला नाही,
अंगावर बाळगतात, उडतात.
तो जरा थांबला.
म्हणजे पाहुणा तिकडे नीट राहतो.

मी कुपीवर तारीख घालत होते.
काचेवर हिमाचा थर, मार्कर उमटेना.
दोनदा पुसून पाहिलं.
तिसऱ्यांदा काच तळहातात धरून ठेवली, हातमोज्यासकट,
नंबर दिसेपर्यंत.