गळ्याचं माप

तासाला पंधरा लारी, आणि हीटर माझ्या बाजूला.
या दोन अटींवर मी बसते,
मंगळवारी, शुक्रवारी,
तिबिलिसीत नदीकडच्या वर्गात, लाकडी चौथऱ्यावर.
वय एकोणऐंशी. नाव त्सियाला.
नाव सहसा कुणी विचारत नाही.

शेजारीण म्हणते, या वयात उघडं बसायचं, लाज नाही वाटत?
चाळीस वर्षं नाटक कंपनीत
मी दुसऱ्यांची अंगं मापली,
आता माझं कुणी मापत असेल तर मापू दे.
लाज आहे, पण ती अंगभर नाही.
ती फक्त गळ्यात आहे.
म्हणून हा रुमाल. तपकिरी, लोकरीचा,
उन्हाळ्यातसुद्धा.

गळा काय चीज आहे ते मला विचारा.
चेहऱ्याला रंग फासता येतो, डोक्याला टोप,
गळा मात्र सगळं बोलून टाकतो.
आमच्या मुख्य नटीबाई, नाव घेत नाही,
पन्नाशीनंतर दर नव्या खेळाआधी
शिवणखोलीचं दार आतून लावायच्या.
"त्सियाला, कॉलर बोटभर वर."
बोटभर. मग दोन बोटं.
शेवटच्या नाटकात त्या अठरा वर्षांची नवरी होत्या
आणि कॉलर कानाच्या पाळीला टेकली होती.
टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या.
बाईंना श्वास पुरत नव्हता
हे ठाऊक असलेली मी एकटीच.

मुलं काय काढतात ते मधल्या सुट्टीत बघते,
कोट पांघरून, मुंग्या आलेला पाय झटकत.
ब्रेमेनची हाइके एकही सुरकुती सोडत नाही,
गुडघ्यावर तर दोन जास्तीच्या.
प्रामाणिक पोरगी. हिशेबाची वही लिहावी तसं काढते.
आमचा झुराब मला काळा झगा चढवतो,
डोक्याला काळं फडकं, हातात मेणबत्ती,
मी समोर धडधडीत उघडी असताना!
"आजी अशीच असते," म्हणतो.
त्याची असेल.
बो-रम आधी कमरेत वाकून नमस्कार करते,
मग जाऊन माझ्या मागे बसते.
तिच्याकडे माझ्या सोळा पाठी आहेत.

आणि हा क्वादवो, कुमासीचा.
शिकतो डॉक्टरी, इथे येतो घरच्यांपासून चोरून.
मोडक्यातोडक्या जॉर्जियनमध्ये म्हणाला,
"आजी, गळा पाहिजे."
नाही म्हटलं. पुढच्या मंगळवारीही नाही.
मग त्यानं कागदाच्या कोपऱ्यात एक बाहुली काढली,
ताटासारखं गोल कपाळ, इवलंसं तोंड,
आणि गळ्याला वळ्यांवर वळी.
मावशीकडे आहे म्हणे अशी.
लेकरू हवं असलेल्या बाईनं पाठीशी बांधायची.
"या रेघा बघा. सुंदर, म्हणून मुद्दाम कोरतात."
"आणि म्हातारपणी?" मी विचारलं.
तो गोंधळला.
"म्हातारपणी कोराव्या कशाला? असतातच."

हसले मी. पटलं मात्र नाही.
भरल्या गळ्याची घडी वेगळी,
सैल पडलेल्या कापडाची वेगळी,
एवढं शिवणकाम मला कळतं.
रुमाल काढला तो हीटरमुळे.
खरंच, त्या दिवशी फार तापला होता.

वर्गात कुणी काही बोललं नाही.
कोळसा कागदावर घासल्याचा आवाज,
बाहेर कुणाची तरी मोटार सुरू होत नव्हती.
त्यानं चार वळी काढली. मला दोनच आहेत.
सांगितलं त्याला, तर म्हणाला,
"दोन मी घातली."

रात्री कपाटातून टेप काढली.
पहिले आकडे पुसून गेलेत तिचे.
इतक्या वर्षांत किती गळे मापले असतील,
आरशासमोर कधी उभी राहिले नव्हते.
तेहेतीस.
नोंदवायला वही राहिलेली नाही,
विजेच्या बिलामागे लिहिलं,
नाव, तारीख, गळा तेहेतीस,
आणि सवयीनं पुढे,
कॉलर:
मग पेन्सिल खाली ठेवली.